लाकूड कातण्याची हत्यारे घरच्या घरी: पोलादापासून मुठीपर्यंत

लाकूडकामाच्या लेथवर लागणारी सगळीच हत्यारे स्वतः बनवण्याजोगी नसतात. कोणती बनवायची आणि कोणती विकत घ्यायची हा निर्णय बाजारातून पोलाद आणण्याआधीच घ्यावा, नाहीतर महिनाभराची मेहनत खर्च करून दुकानातल्यापेक्षा वाईट वस्तू हाती येते. वाडग्याचा पोकळ भाग कोरणारा बोल गाउज सरळ विकत घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. त्याची खोल पन्हळ हाय स्पीड स्टीलच्या भरीव गोल दांड्यात यंत्राने कोरलेली असते, आणि घरच्या ग्राइंडरवर तशी एकसारखी पन्हळ निघत नाही. पट्टी वाकवून केलेला गाउज दिसायला ठीक असतो, पण त्याचे मुठीत जाणारे शेपूट अरुंद आणि अशक्त राहते. याउलट मणी व खाचा पाडणारे त्रिपैलू हत्यार, लाकूड तोडून वेगळे करणारे बारीक पार्टिंग टूल, पृष्ठभाग खरवडणारा हव्या त्या आकाराचा स्क्रेपर आणि खोल भांडे आतून पोखरण्याचा दांडा ही हत्यारे आकाराने साधी असतात. ती घरी उत्तम बनतात, आणि बाजारात नेमक्या हव्या त्या मापाची सहसा मिळतही नाहीत.

पोलादाची निवड

लाखेची खेळणी आणि पाळण्याचे खांब करणारे आपल्याकडचे जुने कातारी जमिनीवर बसून, धनुकलीने मागेपुढे फिरणाऱ्या लेथवर, प्रसंगी पायाच्या बोटांनी हत्यार आवरून काम करीत. त्या लेथवर लाकूड एका दिशेने फिरत असतानाच कापले जाते आणि वेगही मंद असतो, त्यामुळे धार फारशी तापत नाही आणि गावच्या लोहाराने पाणी दिलेले, म्हणजे तापवून आणि विझवून कठीण केलेले, साधे कार्बन पोलाद पुरून उरते. विजेच्या लेथवर १०० मिमी व्यासाचा तुकडा मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरू लागला की त्याच्या कडेवरचे सुमारे ४७० मीटर लाकूड दर मिनिटाला धारेसमोरून जाते. सागवानासारख्या, पोटात सिलिका धरून ठेवणाऱ्या लाकडावर अशा वेगाने साध्या पोलादाची धार लवकर बोथट होते. म्हणून ज्या हत्याराला फार लाकूड काढायचे आहे त्याला हाय स्पीड स्टील म्हणजे एचएसएस वापरावे, आणि ज्याचे काम नाजूक व थोडे आहे त्याला कार्बन पोलाद चालवून घ्यावे.

बाजारात मागताना तीन नावे लक्षात ठेवली की पुरे. सिल्व्हर स्टील हे साधारण १ टक्का कार्बन असलेले, घासून चकचकीत केलेल्या गोल दांड्यांच्या रूपात मिळणारे पोलाद असून ते पाण्यात कठीण होते. ओएचएनएस हे डाय बनवणाऱ्यांकडे हमखास असणारे पोलाद पट्टीच्या रूपातही मिळते आणि तेलात कठीण होते. तेलात ते वाकण्याची किंवा तडकण्याची भीती कमी असते. तिसरे एचएसएस. याला घरी पाणी देता येत नाही, कारण त्यासाठी सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंतचे नेमके तापमान लागते. म्हणून ते आधीच कठीण केलेल्या टूल बिटच्या (धार लावून वापरायच्या छोट्या तुकड्याच्या) किंवा पट्टीच्या रूपातच घ्यावे आणि ग्राइंडरवर फक्त आकार द्यावा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी या ठिकाणी चौकशी करावी. एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना एखाद्या टूलरूममधून ओएचएनएसचे उरलेले तुकडे वजनावर मिळू शकतात.

भंगारातले पोलाद मोहात पाडते, पण ते कशाचे आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. निदान ठिणगीची परीक्षा तरी घ्यावी. तुकडा ग्राइंडरच्या दगडाला हलका टेकवला असता कार्बन पोलादातून पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत निघतो आणि प्रत्येक ठिणगीच्या टोकाला फुलबाजीसारखे फाटे फुटतात. एचएसएसमधून विरळ, मंद, लालसर-नारिंगी रेषा निघतात आणि फाटे जवळजवळ फुटतच नाहीत. शेडमध्ये अंधार करून, ओळखीच्या पोलादाचा तुकडा शेजारी धरून तुलना केली तर हा फरक नवख्यालाही दिसतो.

जुन्या कानशीविषयी मात्र वेगळे सांगायला हवे, कारण जवळजवळ प्रत्येक जण आधी तिच्याकडेच वळतो. कानस धातूवर घासण्यासाठी अतिशय कठीण ठेवलेली असते, म्हणून ती काचेसारखी ठिसूळ असते. शिवाय तिच्या प्रत्येक दातेरी खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. तशीच धार लावून ती लेथवर वापरली आणि लाकडाने हत्यार अचानक पकडले, तर टूल रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवण्याच्या लेथवरच्या आधारावर, तिचे दोन तुकडे होतात व पुढचा तुकडा कुठे जाईल याचा नेम नसतो. कानस वापरायचीच असेल तर ती आधी लाल तापवून, राखेत पुरून सावकाश थंड करावी, दाते पूर्ण घासून काढावेत आणि नंतर पुढे दिल्याप्रमाणे नव्याने पाणी द्यावे. एवढे करण्यापेक्षा ओएचएनएसची पट्टी आणणे सोपे पडते.

पहिले हत्यार: त्रिपैलू टूल

१० मिमी व्यासाचा, सुमारे २५० मिमी लांबीचा सिल्व्हर स्टीलचा दांडा घ्यावा. त्याच्या टोकाला परस्परांपासून १२० अंशांवर तीन सपाट पैलू पाडले की ते मध्यावर एका अणकुचीदार टोकात मिळतात आणि दोन-दोन पैलूंच्या सांध्यावर तीन धारा तयार होतात. पैलू आणि दांड्याचा अक्ष यांच्यातला कोन ३५ अंशांच्या आसपास ठेवावा. याने मण्यांमधल्या खाचा, सजावटीच्या रेघा आणि छोटे गोलवे सुबक निघतात.

तिन्ही पैलू सारखे येणे हीच यातली खरी अडचण आहे, आणि तिच्यावर एक स्वस्त उपाय आहे. एम १२ च्या साध्या षटकोनी नटाचे आतले माप आट्यांच्या शेंड्यांवर १० मिमीहून केसभर जास्त असते, त्यामुळे १० मिमीचा दांडा त्यात जवळजवळ नेमका सरकतो. नटाच्या एका बाजूला ३.३ मिमीचे भोक पाडून एम ४ चे आटे पाडावेत आणि छोट्या ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या स्क्रूने) नट दांड्यावर, टोकापासून ६० ते ७० मिमी मागे, पक्का करावा. ग्रब स्क्रू नटाच्या पृष्ठभागाच्या आतच राहील एवढा आखूड हवा. ग्राइंडरची पाटी इष्ट कोनात कलती करून नटाची एक सपाट बाजू तिच्यावर टेकवावी, पहिला पैलू घासावा, मग नट दोन बाजू ओलांडून फिरवावा आणि दुसरा घासावा. दोन बाजू म्हणजे बरोबर १२० अंश. पैलू एकदम पूर्ण न करता आळीपाळीने थोडे थोडे घासत गेल्यास टोक मध्यावर राहते. पाणी देण्यापूर्वी टोक पूर्ण अणकुचीदार करू नये, अर्धा मिलिमीटर बोथट ठेवावे, कारण पातळ टोक भट्टीत आधी जळते व त्यातला कार्बन निघून जातो.

पाणी देणे आणि उतरवणे

या आकाराच्या दांड्यासाठी लोहाराची भट्टी लागत नाही. हलक्या, उष्णतारोधक दोन विटांमध्ये पोकळी करून तिच्यात गॅस टॉर्चची ज्योत सोडली, किंवा लोखंडी शेगडीत लोणारी कोळसा पेटवून हेअर ड्रायरने वारा दिला, की काम भागते. शेजारी आग विझवण्यासाठी वाळूची बादली असावी आणि काम मोकळ्या हवेत, पण सावलीत करावे, कारण उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग कळत नाही. जस्त चढवलेला कोणताही पाइप किंवा डबा या आगीजवळ नेऊ नये. त्याचा धूर विषारी असतो.

दांड्याचे पुढचे ४० ते ५० मिमी एकसारखे तापवावेत. योग्य तापमान सुमारे ७८० अंश असते आणि सावलीत तो रंग पिकलेल्या चेरीसारखा लाल दिसतो. रंगावर विसंबून राहण्यापेक्षा तारेला बांधलेले लोहचुंबक जवळ ठेवावे. लोखंडाचे चुंबकत्व साधारण ७७० अंशांना नाहीसे होते, म्हणून चुंबक चिकटेनासे झाले की आणखी किंचित तापवून, मिनिट-दोन मिनिटे तीच उष्णता टिकवून, दांडा लगेच विझवावा. नारिंगी किंवा पिवळा रंग येईपर्यंत तापवल्यास पोलादाचे कण मोठे होतात आणि धार बाहेरून कठीण पण चुरा होणारी बनते.

सिल्व्हर स्टील कोमट पाण्यात विझवावे. दांडा उभा, सरळ आत घालावा आणि वर-खाली हलवत राहावे. तो आडवा हलवल्यास एक बाजू आधी थंड होऊन दांडा वाकतो, आणि पाण्याच्या एकाच रेषेवर स्थिर धरल्यास त्या रेषेवर तडा जाण्याचा धोका असतो. ओएचएनएसची पट्टी असेल तर ८०० अंशांच्या आसपास तापवून शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलात विझवावी. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेले आणि झाकण असलेल्या लोखंडी डब्यात असावे. थंड तेल घट्ट असते व पोलादावरून उष्णता हळू ओढते. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल वापरू नये. धुराशिवाय त्यातून काही मिळत नाही.

थंड झालेल्या टोकावर चांगली कानस हलक्या हाताने फिरवावी. ती न चावता काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाणी बसले असे समजावे. चावली तर उष्णता कमी पडली होती, पुन्हा तापवावे. पाणी बसलेला दांडा या अवस्थेत जमिनीवर पडला तरी तुटू शकतो, म्हणून पाणी उतरवण्याचे, म्हणजे हलके तापवून ठिसूळपणा कमी करण्याचे, काम त्याच दिवशी, शक्यतो लगेच करावे.

पाणी उतरवण्याची सोपी रीत म्हणजे ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर तासभर ठेवून हवेत थंड करणे आणि हीच क्रिया आणखी एकदा करणे. छोट्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा बहुधा खरा नसतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. ओव्हन नसल्यास टोक पॉलिश पेपरने चकचकीत करून, टोकापासून दूर, मागच्या बाजूला ज्योत द्यावी. रंग मागून टोकाकडे धावत येतात: आधी फिकट पिवळा, मग सुमारे २४० अंशांना गडद गवती पिवळा, नंतर तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. टोकावर गवती पिवळा पोहोचताच दांडा पाण्यात बुडवावा. मागचा भाग निळा राहिला तर उत्तमच, कारण तिथे कठीणपणापेक्षा चिवटपणा हवा असतो. शेवटी पैलूंवरून पाव-अर्धा मिलिमीटर घासून भट्टीत कार्बन गमावलेला थर काढून टाकावा आणि धार लावावी. या अंतिम घासणीत टोक निळे पडू दिले तर धारेचे पाणी गेले असे समजून ते मागपर्यंत घासून काढावे लागते, म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी टोक पाण्यात बुडवावे.

दुसरे हत्यार: टूल बिटचा दांडा

खोल वाटी किंवा कलशाकार भांडे आतून पोखरताना धार टूल रेस्टपासून लांब काम करते, आणि इथे पोलादाच्या कठीणपणाहून दांड्याचा ताठपणा महत्त्वाचा ठरतो. रेस्टपुढे गेलेली लांबी दुप्पट केली की त्याच दाबाखाली दांडा आठपट वाकतो. व्यास १२ वरून १६ मिमी केला तर ताठपणा तिपटीहून थोडा अधिक होतो. म्हणून अशा कामाला बारीक दांड्यावर समाधान मानू नये. १६ मिमीचा माइल्ड स्टीलचा किंवा जुन्या शाफ्टचा दांडा सुमारे ४०० मिमी लांब घ्यावा आणि त्याच्या टोकाला एचएसएसचा ६ मिमीचा गोल बिट बसवावा. दांड्याला पाणी देण्याची गरज नाही. वाकला तरी चालेल, पण तुटता कामा नये, असेच पोलाद तिथे हवे.

दांड्याच्या टोकापासून १२ मिमीवर सेंटर पंचाने खूण करून, दांडा व्ही-ब्लॉकमध्ये धरून, व्यासातून आरपार ६ मिमीचे भोक पाडावे. मग टोकाच्या मध्यातून, अक्षाच्या रेषेत, ५ मिमीचे भोक त्या आडव्या भोकाला मिळेपर्यंत पाडून एम ६ चे आटे पाडावेत. यातून जाणारा ग्रब स्क्रू बिटला दाबून धरतो. बिटच्या त्या जागी ग्राइंडरवर छोटा सपाट कट दिला म्हणजे बिट फिरत नाही. बिट म्हणून तुटलेल्या ड्रिलचा तुकडा वापरायचा असेल तर पन्हळीचा भाग घ्यावा लागतो. ड्रिलची मागची दांडी बऱ्याचदा मुद्दाम मऊ ठेवलेली असते आणि तिची धार टिकत नाही. त्यापेक्षा लेथ कामाचा गोल टूल बिट आणलेला बरा.

बिटची वरची बाजू सपाट करावी, नाक अर्धगोल ठेवावे आणि नाकाखाली १५ ते २० अंशांची मोकळीक द्यावी. बिट दांड्याबाहेर १० ते १२ मिमीपेक्षा जास्त काढू नये, कारण धार अक्षापासून जितकी बाजूला, तितका पिळा मनगटावर येतो. घासताना एचएसएस निळे पडले तरी बिघडत नाही, ते साडेपाचशे अंशांच्या आसपास तापेपर्यंत आपला कठीणपणा राखते. मात्र लाल होऊ लागलेला बिट एकदम पाण्यात टाकल्यास सूक्ष्म तडे जातात, म्हणून तो हवेतच थंड होऊ द्यावा.

याच धर्तीवर १२ मिमीच्या चौकोनी दांड्याच्या टोकाला सपाट बैठक घासून, एम ४ किंवा एम ५ च्या स्क्रूने कार्बाइडचे गोल किंवा चौकोनी इन्सर्ट बसवता येते. बैठक इन्सर्टच्या तळाला पूर्ण टेकली पाहिजे, नाहीतर स्क्रू आवळताच इन्सर्ट फुटते. कार्बाइडची धार फार दिवस चालते, पण ताज्या धारेच्या पटाशीने येतो तसा गुळगुळीतपणा ती देत नाही, असे माझे मत आहे.

पार्टिंग टूल आणि स्क्रेपर

पॉवर हॅकसॉचे जुने, पूर्ण एचएसएसचे २ मिमी जाडीचे पाते बारीक पार्टिंग टूलसाठी उत्तम. हल्लीच्या बायमेटल पात्यात फक्त दातांची कड एचएसएसची असते आणि बाकीचे साधे स्प्रिंग पोलाद, म्हणून ठिणगी पाठीकडून तपासावी. पाते कटिंग डिस्कने कापताना ते फुटू शकते, तेव्हा फडक्यात गुंडाळून शिकंज्यात धरावे आणि चेहऱ्यावर पूर्ण ढाल घ्यावी. सगळे दाते घासून काढावेत, खालची कड रेस्टवर सरकेल अशी गोलसर करावी आणि टोकाला दोन्ही बाजूंनी मिळून ५० अंशांच्या आसपास कोन द्यावा. पाते रेस्टपुढे ५० मिमीहून अधिक काढू नये.

स्क्रेपरसाठी निदान ८ मिमी जाडीची पट्टी घ्यावी. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ५ मिमीची पट्टी ८ मिमीच्या तुलनेत चौथ्या हिश्शानेच ताठ असते आणि खोल जाताच थरथरून लाकडावर लाटा उमटवते. धारेचा कोन ७० ते ८० अंश ठेवावा. कापण्याचे काम दगडाने धारेवर उठवलेली बारीक बर, म्हणजे धातूची वळलेली कोर, करते, म्हणून ती पुसून टाकू नये.

मूठ

हत्यार रेस्टच्या पुढे १०० मिमी आणि हात रेस्टच्या मागे ४०० मिमी असेल तर लाकडाने मारलेल्या झटक्याचा चौथा हिस्सा हातात येतो. पुढची लांबी २०० मिमी झाली की निम्मा येतो. मुठीची लांबी या हिशोबाने ठरवावी: त्रिपैलू टूलला २५० मिमी पुरते, बिटच्या दांड्याला ४५० मिमी तरी हवी. लाकूड बाभळीचे किंवा शिसवीचे, सरळ रेषांचे, गाठ नसलेले आणि पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडावर बसवलेली शेंबी (मुठीच्या तोंडावरचे धातूचे कडे) लाकूड आटले की सैल होते आणि मग मूठ भोकापासून चिरते.

चौकोनी तुकडा लेथवर गोल करण्याआधीच त्यात भोक पाडावे आणि मग त्या भोकातच टेलस्टॉकचे (लेथच्या मागच्या टोकाच्या आधाराचे) सेंटर बसवून मूठ कातावी, म्हणजे हत्यार आणि मूठ आपोआप एका रेषेत येतात. भोक दांड्याच्या व्यासाएवढे आणि ७० मिमी तरी खोल असावे. शेंबीसाठी एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे उरलेल्या तांब्याच्या जाड नळीचा ३० मिमीचा तुकडा किंवा नळकामातला पितळी नट चालतो. तिच्या आतल्या मापापेक्षा लाकडाची मान पाव मिलिमीटर जाड ठेवून, तोंडाशी किंचित निमुळती करून, शेंबी ठोकून बसवावी. मुठीचा आकार चवीचा भाग आहे, पण शेंबीमागे बोटे बसतील अशी थोडी बारीक जागा आणि शेवटी किंचित फुगवटा असला की लांब वेळ काम करताना हात आखडत नाही. वार्निशचा चकचकीत थर नको, घामाने तो निसटता होतो. जवसाच्या तेलाचे दोन हात पुरे. दांड्याचा मागचा भाग खरबरीत करून अॅराल्डाइटने चिकटवावा आणि रात्रभर उभा ठेवावा.

पहिली चाचणी

लेथ लावण्यापूर्वी धारेच्या मागचा भाग भिंगाखाली पाहावा. केसाएवढी रेघ दिसली तर ते हत्यार लेथवर न्यायचे नाही. चाचणीसाठी पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाचा ५० मिमी व्यासाचा तुकडा घेऊन वेग कमी ठेवावा, आणि हत्यार आधी रेस्टवर टेकवून मगच लाकडाकडे न्यावे. स्क्रेपर व बिटचा दांडा वापरताना मूठ धारेपेक्षा किंचित वर असावी. भांड्याच्या आत धार मध्यरेषेच्या जरा वर आणि बाहेरच्या बाजूला जरा खाली ठेवली, तर हत्यार झुकले तरी ते लाकडात न शिरता मोकळ्या जागेत जाते. थरथर जाणवल्यास वेग बदलण्याआधी रेस्ट लाकडाच्या जवळ आणावी.

काम मनासारखे निघाले की मुठीच्या टोकाला पोलादाचे नाव आणि धारेचा कोन तापल्या खिळ्याने डागून ठेवावा. चार-सहा हत्यारे झाली की दिसायला सारखे दांडे ओळखू येत नाहीत, आणि सिल्व्हर स्टीलचे टोक एचएसएस समजून दगडावर निवांत धरले तर काही सेकंदांत त्याचे पाणी उतरते.